कापलेलं बोट आणि दोन महिन्यांचा हंगाम

आमरसाच्या डब्यावर काय काय लिहिलेलं असतं ते कधी निवांत वाचलंय का? साखर किती, रस किती, कधी भरला, कधीपर्यंत खावा, परवाना क्रमांक, सगळं असतं. पूर्वी त्यावर एफपीओचा शिक्का असायचा. १९५५ साली सरकारने फळांच्या पदार्थांसाठी एक आदेश काढला होता, त्याचा तो शिक्का. २०११ मध्ये अन्नसुरक्षेचा नवा कायदा लागू झाला आणि तो जुना आदेश इतिहासजमा झाला. पण दोन्हींचा हेतू एकच, खाणाऱ्याच्या पोटाला अपाय होऊ नये. आंबा कापणाऱ्या हाताची काळजी घेणारा कायदा वेगळा आहे, तो जुनाही जास्त आहे आणि डब्यावर त्याचं नाव कुठेच नसतं.

मी नोकरीची बरीच वर्षं सर्वसाधारण विम्याच्या कचेरीत काढली, त्यातली काही कोकणात. आग, मोटार, सागरी असे विषय सगळ्यांना माहीत असतात. 'वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन' म्हटलं की समोरचा माणूस जांभई द्यायचा. आमच्या घरीही कोणी कधी विचारलं नाही की बाबा, हे काय असतं. तर आज न विचारता सांगतो. :)

कोकणातला आंबा दोन वाटांनी जातो. चांगला, निवडक माल पेटीतून बाजारात. उरलेला, डागाळलेला, बारीक, हंगामाच्या शेवटी भाव पडल्यावरचा, तो 'कॅनिंगचा आंबा'. एप्रिल अखेरपासून पाऊस लागेपर्यंत कॅनिंगचे कारखाने दिवसरात्र चालतात. आंबा पिकत घालायचा, धुवायचा, कापायचा, पल्परमध्ये घालून रस काढायचा, तापवायचा, डबे भरायचे, सीमिंग मशीनवर झाकण बसवायचं, उकळत्या पाण्यात किंवा वाफेत डबे शिजवायचे, थंड करायचे. कापायला बहुतेक बायका, आसपासच्या वाड्यांमधून टेम्पोने येणाऱ्या. मशीनवर आणि बॉयलरवर पुरुष. जमीन सतत ओली, रसाने निसरडी. सुरी धारदार, हात चिकट, आणि रात्रपाळीला डोळ्यांवर झोप. इजा कुठे होणार हे वेगळं सांगायला नको. सुरीने बोट, सीमिंगमध्ये बोट, वाफेने हात, घसरून कंबर.

अशा इजेचे पैसे कोणी द्यायचे, या साध्या प्रश्नाला उत्तर मिळायला जगाला बराच वेळ लागला.

इंग्लंडमध्ये १८३७ साली एका खाटकाकडे काम करणाऱ्या पोऱ्याचा खटला गाजला. जास्त माल भरलेली गाडी मोडली आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. न्यायालय म्हणालं, मालक जबाबदार नाही. त्यातून आणि पुढच्या निकालांतून तीन ढाली तयार झाल्या. चूक सहकाऱ्याची असेल तर मालक सुटला. कामगाराची स्वतःची थोडी जरी चूक असेल तरी सुटला. आणि धोका माहीत असून काम पत्करलं असेल तरीही सुटला. मालक अडकणार कधी? जवळजवळ कधीच नाही. आपल्याकडे १८५५ मध्ये प्राणघातक अपघातांचा कायदा झाला. त्याने मेलेल्याच्या वारसांना दावा करता येऊ लागला, पण चूक सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्यावरच. वाडीवरच्या विधवेने दिवाणी कोर्टात जाऊन गिरणीमालकाची चूक सिद्ध करायची, ही कल्पनाच करून बघा.

ही कोंडी प्रथम फोडली जर्मनीने, १८८४ साली, बिस्मार्कच्या काळात. त्यांनी चूक कोणाची हा प्रश्नच बाजूला ठेवला. कामावर इजा झाली ना? मग पैसे मिळतील. आणि ते कोण देणार? एकेका धंद्यातल्या सगळ्या मालकांनी मिळून सक्तीने उभारलेला निधी. इंग्लंडने १८९७ मध्ये अर्धीच गोष्ट उचलली. चूक विचारायची नाही हे मान्य केलं, पण पैसे द्यायचे त्या त्या मालकाने. त्याने विमा उतरवायचा की नाही, ही त्याची मर्जी.

आपण त्या वेळी इंग्रजांच्या ताब्यात, म्हणून आपल्याला इंग्लंडचा नमुना मिळाला. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना निघाली, हिंदुस्थान तिचा सभासद झाला. वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले ते आपले ना. म. जोशी. मूळचे कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, भारत सेवक समाजाचे, १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढणारे. १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नेमलेले प्रतिनिधी म्हणून ते बसत. मुंबईच्या चाळीत राहणाऱ्या गिरणी कामगाराचं म्हणणं दिल्लीत मांडणारा हा शांत माणूस आज आपल्या फारसा लक्षात नाही. असो, त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहायला हवा.

१९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्यातली मुख्य ओळ अशी, की कामातून आणि काम चालू असताना अपघाताने इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची. जुन्या तिन्ही ढाली गेल्या. मालकाला सुटायला वाटा राहिल्या त्या मोजक्या. माणूस दारू प्यायलेला असेल, स्पष्ट सांगितलेला सुरक्षेचा नियम त्याने मुद्दाम मोडला असेल, किंवा मशीनचं संरक्षक कवच मुद्दाम काढलं असेल तर. आणि पुढे, मृत्यू झाला तर याही वाटा बंद झाल्या. ठेकेदाराने आणलेली माणसं असली तरी भरपाईसाठी मूळ कारखानदाराला धरता येई. 'मला भरपाई नको' असं कामगाराकडून लिहून घेतलं तरी त्या कागदाला किंमत नाही. त्या काळासाठी हा फार मोठा कायदा होता, यात शंका नाही.

पण एक पाचर राहिली. कायद्याने मालकाच्या डोक्यावर कर्ज ठेवलं, त्या कर्जाला जामीन मागितला नाही. विमा सक्तीचा केला नाही. मोठ्या गिरणीला फरक पडत नव्हता, तिच्याकडे पैसा होता. छोट्या कारखान्याचं काय? दोन महिने चालणारा, बँकेच्या कर्जावर आंबा घेणारा, माल विकला जाईपर्यंत हातात रोकड नसलेला कारखानदार एका मृत्यूची भरपाई कुठून देणार? कायदा त्याच्याविरुद्ध हुकूम देऊ शकतो. जप्तीत मिळणार काय, तर पल्पर, चार टाक्या आणि रिकामे डबे.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात फळांचे डबे भरणारे कारखाने आपल्यापेक्षा कितीतरी आधी उभे राहिले. तिथे १९१३ मध्ये भरपाई सक्तीची झाली आणि १९१४ पासून राज्याचा स्वतःचा विमा निधी सुरू झाला. खाजगी कंपनी विमा देत नसेल किंवा फार पैसे मागत असेल, तर छोट्या धंद्याला हे दार उघडं. शेतमजूर मात्र तिथेही सुरुवातीला बाहेरच. म्हणजे पीच झाडावरून काढताना पडला तर काही नाही, तोच पीच कारखान्यात कापताना बोट गेलं तर भरपाई. फळ तेच, माणूस कदाचित एकाच घरातला!

आपल्याकडे निधीची कल्पना आली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अदारकर यांच्यावर कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम सोपवलं गेलं. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. १९४४ मध्ये अदारकरांचा अहवाल आला. सुरुवात कापड, इंजिनीयरिंग आणि खनिज-धातू या तीन उद्योगांपासून करावी असं त्यांनी सुचवलं. मग आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे स्टॅक आणि राव हे दोन तज्ज्ञ आले. त्यांनी सांगितलं, कामावरची इजा आणि बाळंतपणही यातच घ्या आणि योजना सर्व बारमाही कारखान्यांना लावा.

'बारमाही'. हा एक शब्द माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा कणा आहे. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो, त्या शब्दावर उभा राहिला. हंगामी कारखाने त्यातून वगळले गेले. फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली, १९५४ मध्ये नागपूर आणि मुंबईत आली. मग एकेक भाग अधिसूचना काढून जोडत नेला. जिथे ती पोचली तिथे कामगाराला मालकाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. इजा झाली की महामंडळ पैसे देतं, तेही एकरकमी नाही, तर दरमहा. पूर्ण अपंगत्व आलं तर मजुरीच्या ९० टक्के. त्यासाठी अमुक दिवस वर्गणी भरलेली हवी अशी अट नाही. पहिल्या दिवशी बोट गेलं तरी हक्क लागू.

आता हंगामी कोण? कायद्यात यादी आहे: कापूस जिनिंग, कापूस आणि ताग दाबून गाठी बांधणं, भुईमूग फोडणं, कॉफी, नीळ, लाख, रबर, साखर, गूळ, चहा. आंबा नाही! पुढे त्यात भर पडली, की वर्षात सात महिन्यांपेक्षा जास्त न चालणारा कारखाना, पण केंद्र सरकारने जाहीर केलेल्या प्रक्रियेचा असेल तरच. म्हणजे कोकणातला कारखानदार स्वतःला हंगामी समजतो आणि कायद्याच्या यादीत त्याचं फळ नाही. मी टेबलावर बसून हा घोळ कितीतरी वेळा ऐकला. 'अहो साहेब, दोन महिन्यांच्या कामाला कसला विमा?' असं विचारणाऱ्यांत वाईट माणसं फारशी नव्हती. त्यांना खरंच वाटायचं, की काम थोडे दिवस म्हणून जबाबदारीही थोडीच.

प्रत्यक्षात १९२३ च्या कायद्याने हंगामी माणसाचा विचार फार बारकाईने केला होता. भरपाई महिन्याच्या मजुरीवर ठरते. पण जी बाई वर्षातले पन्नास दिवसच कामाला येते तिची 'महिन्याची मजुरी' किती धरायची? वर्षाच्या कमाईला बाराने भागलं तर हातात भोपळा. कायदा म्हणतो, सलग कामाच्या मुदतीत मिळालेली एकूण मजुरी घ्या, तिला तीसने गुणा आणि त्या मुदतीच्या दिवसांनी भागा. समजा पन्नास दिवसांत १५,००० रुपये मिळाले. तर तिची महिन्याची मजुरी ९,००० रुपये. मध्ये चौदा दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर मुदत तुटली, नवी मोजायची. हे कलम ज्याने लिहिलं त्याला हंगाम म्हणजे काय ते कळत होतं.

पुढे बोटांचं कोष्टक. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रत्येक अवयवाला टक्के दिलेत. अंगठा ३०. तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची चारही बोटं ५०. दोन्ही हात १००. पहिल्यांदा ते पान वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, नंतर सवय झाली. सवय होते हेच जास्त वाईट.

हिशेब असा: वरची बाई चाळीस वर्षांची धरा. मजुरी ९,०००, तिचे ६० टक्के ५,४००. चाळिशीचा गुणक १८४.१७. गुणाकार ९,९४,५१८. तर्जनी गेली म्हणून त्याचे १४ टक्के, म्हणजे सुमारे १,३९,२३३ रुपये. विम्याचा हप्ता दर हजार रुपये मजुरीवर धंद्याच्या धोक्याप्रमाणे ठरायचा, वर्षाच्या सुरुवातीला अंदाजाने भरायचा आणि शेवटी खऱ्या मजुरीवरून कमीजास्त करायचा. दोन महिने काम तर दोन महिन्यांच्याच मजुरीवर हप्ता. 'वर्षाचा विमा कशाला' याला खरं उत्तर हे होतं.

कोष्टकात न बसणाऱ्याही गोष्टी आहेत. तुटलेल्या बोटाला आकडा आहे, आंब्याच्या चिकाने सोलवटलेल्या तळहाताला नाही. आणि आकडा हा शेवटचा शब्द नाही. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचं प्रकरण आलं. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. न्यायालयाने विचारलं, एका हाताने सुतारकाम होतं का? होत नसेल तर त्या माणसापुरतं हे पूर्ण अपंगत्व, म्हणजे शंभर टक्के. आंबा कापणारीलाही हाच न्याय लावून पाहावा असं मला नेहमी वाटत आलं. एका हाताने आंबा धरायचा आणि दुसऱ्याने सुरी, त्यातला एक गेला तर राहिलं काय?

अजून एक कलम सांगायलाच हवं. बाईला द्यायची एकरकमी भरपाई थेट तिच्या हातात देता येत नसे, ती कामगार भरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागे. कायद्यात 'स्त्री' आणि 'कायद्याने असमर्थ व्यक्ती' यांची नावं एकाच वाक्यात शेजारी शेजारी! वाचून राग यावा असंच ते आहे. पण कचेरीत बसून दुसरी बाजूही दिसली. पैसा आयुक्तांकडे गेला की त्याची नोंद व्हायची, रक्कम योग्य आहे का हे बघणारं कोणीतरी असायचं. जिथे हे टाळलं गेलं तिथे काय होतं त्याचं एक उदाहरण माझ्या समोरचं आहे.

एका कारखान्यात सीमिंगजवळ एका बाईची दोन बोटं गेली. कोष्टकाप्रमाणे २० टक्के. मस्टर मागवलं तर त्यात तिचं नावच नाही. ती त्या आठवड्यात जावेच्या बदली आली होती आणि हजेरी जावेच्या नावावर लागत होती. मुकादमाला माहीत होतं, मालकालाही माहीत होतं. कायद्याने मस्टरवर नाव नसलं तरी हक्क जात नाही, साक्षीपुराव्याने सिद्ध करता येतं, दावा लावायला दोन वर्षांची मुदत असते. पण मालकाने दवाखान्याचा खर्च दिला, वर काही हजार रुपये दिले, एका कागदावर अंगठा घेतला आणि विम्याचा दावा मागे घेतला. डाव्या हाताचा अंगठा, कारण उजव्या हाताला पट्टी होती. मी तिच्या नवऱ्याला बोलावून सांगितलं की या कागदाला कायद्यात किंमत नाही, आयुक्तांकडे जा. तो म्हणाला, "साहेब, पुढच्या मे महिन्यात घरच्या तीन बायकांना तिथेच जायचंय." यावर मी काय बोलणार होतो?

मला वाटतं हंगामी कामाचं खरं दुखणं हे आहे. बारमाही कामगाराला नोकरी जायची भीती असते, हंगामी कामगाराला पुढच्या वर्षी न बोलावण्याची. त्यासाठी मालकाला काहीच करावं लागत नाही, फक्त टेम्पो त्या वाडीवर पाठवायचा नाही.

टेम्पोवरून आठवलं. १९५२ मध्ये पोरबंदरजवळ मिठागरावर काम करणारे मजूर घरी परतताना खाडीत होडी उलटून बुडाले. भरपाईचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९५८ मध्ये निकाल मालकाच्या बाजूने लागला. होडी सार्वजनिक होती, काम संपलं होतं, म्हणून तो कामावरचा अपघात नव्हे. पहाटे टेम्पोत उभ्याने येणाऱ्या आंबेवाल्या बायकांनाही हाच प्रश्न लागू होता, घाटात टेम्पो उलटला तर ते 'काम' का? २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घर ते काम या वाटेवरचा अपघातही, कामाशी संबंध दिसत असेल तर, कामावरचाच धरलाय. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९२३ व १९४८ चे दोन्ही कायदे तिच्यात सामावले गेले. होडीतल्या त्या मजुरांना उत्तर मिळायला सत्तरहून जास्त वर्षं लागली म्हणायची. राज्य विम्यातून हंगामी कारखाना मात्र नव्या संहितेतही बाहेरच आहे.

जोशी, अदारकर ही माणसं काही कमी विचारांची नव्हती. त्यांच्यासमोर गिरणी होती, भोंगा होता, वर्षभर रोज त्याच दारातून आत जाणारा माणूस होता. वर्षातले पन्नास दिवस येणारी, उरलेले दिवस भात लावणारी, काजू फोडणारी बाई त्यांच्या चौकटीच्या कडेवर राहिली. १९२३ च्या कायद्याने तिला हक्क दिला पण निधी दिला नाही. १९४८ च्या कायद्याने निधी उभारला आणि 'बारमाही' म्हणून दार लोटून घेतलं. मधल्या फटीत ती शंभर वर्षं उभी आहे.

आपल्या नात्यागोत्यात दोन-तीन घरी कोकम सरबताचा, लोणच्याचा, आंबापोळीचा छोटा कारखाना आहे, हे लोक वाचतायत हे मला ठाऊक आहे. तर वडीलकीच्या नात्याने सांगतो. पुढच्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी, पहिला आंबा कापायच्या आधी, जी येईल तिचं तिच्याच नावाने मस्टर भरा. बदली आली तर बदलीचं नाव लिहा. विमा घेताना मजुरी खरी सांगा, मुकादमाच्या माणसांचा पॉलिसीत वेगळा उल्लेख करून घ्या. सगळं मिळून एका सकाळचं काम आहे.